शेवटचे आठ बार

जिप्सी जॅझच्या बँडमध्ये ड्रम नसतो, आणि या संगीतातली निम्मी गंमत आणि निम्मी अडचण त्यातूनच येते. गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांनी १९३४ साली पॅरिसमध्ये हॉट क्लबचं ते प्रसिद्ध पंचक उभं केलं, तेव्हा त्यात तीन गिटारी, एक व्हायोलिन आणि एक डबल बास एवढीच वाद्यं होती. जँगोच्या मागे दोन गिटारी ताल धरायच्या. एक त्याच्या धाकट्या भावाची, जोसेफची, आणि दुसरी रॉजे शापूची. या ताल धरण्याला फ्रेंच वादक 'ला पाँप' म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जाड तारांचा भरीव आवाज, दुसरी आणि चौथी कोरडी, डाव्या हाताने लगेच तोडलेली. हे सलग, न थकता, गाणं संपेपर्यंत करायचं.

आमच्या बँडमध्ये हे काम माझ्याकडे आहे. मी मूळचा मिरजेचा. शाळेत असताना तबला शिकलो, पुढे गिटार हातात आली आणि नोकरीने पॅरिसजवळच्या उपनगरात आणून सोडलं. इथे आम्ही चौघं जमलो. व्हायोलिन वाजवणारे निवृत्त शिक्षक, डबल बास वाजवणाऱ्या एक बाई, सोलो गिटार वाजवणारा पूर्व फ्रान्समधल्या आल्सासकडचा तरुण मुलगा, आणि मी. आल्सासमध्ये मानूश, म्हणजे फ्रान्सकडच्या जिप्सी समाजातली, कुटुंबं पिढ्यान् पिढ्या हे संगीत वाजवत आली आहेत. हा मुलगा त्या समाजातला नसला तरी त्यांच्याच अंगणात शिकला, आणि त्याच्या उजव्या हातात ते ऐकू येतं.

चौघांनाही गाणी येत होती. चाल यायची, सोलो यायचे, लय पक्की होती. प्रश्न असायचा तो थांबण्याचा.

हे फक्त आमचं नव्हे, कुठल्याही हौशी मैफलीत ऐकायला मिळेल. सोलोवाल्याला वाटतं अजून एक फेरी आहे. व्हायोलिन मूळ चालीवर परत आलेलं असतं. बत्तीस बारच्या चालीत (बार म्हणजे चार मात्रांचा एक गट) बास एकतिसाव्या बारला घरी, म्हणजे मूळ सुरावर, पोचून स्वस्थ बसतो आणि ताल धरणारा त्याच्या पुढे दोन बार चालत राहतो. मग सगळे एकमेकांकडे बघून हसतात, लोक टाळ्या वाजवतात, पुढचं गाणं सुरू होतं. मला हे फार लागायचं. ऐकणाऱ्याच्या कानात शेवटचा सूर राहतो. आधीची चार मिनिटं कितीही चांगली गेलेली असोत, गाणं विस्कटून संपलं तर ती चार मिनिटंही विस्कटलेली आठवतात.

२१ जूनला फ्रान्सभर फेत द ला म्युझिक, म्हणजे संगीताचा सण, असते. १९८२ पासून दरवर्षी त्या दिवशी गल्लोगल्ली, फुटपाथवर, चौकात लोक वाद्यं घेऊन उभे राहतात. आम्हीही एका वर्षी रस्त्यावर वाजवायचं ठरवलं. त्याच्या आधीच्या थंडीत बासवाल्या बाईंनी एक गोष्ट सुचवली, आणि सगळं तिथून बदललं. त्या म्हणाल्या, "आपण दर वेळी सुरुवातीपासून तालीम करतो, म्हणून सुरुवात पाठ आहे. आता काही दिवस फक्त शेवट वाजवू या. शेवटचे आठ बार. बाकीचं नकोच."

व्हायोलिनवाल्या काकांना ते फारसं रुचलं नाही. (मी त्यांना मनात काकाच म्हणतो. तोंडावर नावानेच हाक मारावी लागते, इथली पद्धत.) त्यांचं म्हणणं होतं की शेवट हा आधीच्या वाजवण्यातून यायला हवा, तो वेगळा काढून घोटायची गोष्ट नाही. पण बाई हटल्या नाहीत. आम्ही गाणं चोविसाव्या बारनंतर धरायचं, आठ बार वाजवायचे, थांबायचं आणि पुन्हा तेच, असं करायला लागलो.

पहिलं घेतलं 'ऑल ऑफ मी'. १९३१ चं अमेरिकन गाणं, पण जिप्सी जॅझवाल्यांनी ते कधीच आपलं करून टाकलेलं. बत्तीस बारची चाल, आम्ही सी पट्टीत वाजवतो. त्याचा शेवट बहुतेक जण टॅग लावून करतात, म्हणजे शेवटच्या चार बारची ओळ तीनदा म्हणायची. सत्ताविसाव्या बारपासून सी, ए सेव्हन, डी मायनर, जी सेव्हन हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), एकेका बारला एकेक. मग सीवर न उतरता पुन्हा तीच ओळ, आणि पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा जी सेव्हननंतर खरा सी येतो आणि गाणं संपतं.

मी हे पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकलं तेव्हा माझ्यातला तबलेवाला जागा झाला. ही तिहाईच की! तोच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट समेवर. पण वाजवायला लागल्यावर दोन्हींतला फरक बोटांना कळला, आणि त्या फरकाने मला टॅग वाजवायला शिकवलं. तिहाई आवर्तनाच्या आत बसते. कुठल्या मात्रेवर उचलली की शेवटचा धा समेवर पडेल, याचा हिशेब आधी झालेला असतो, आणि समेची जागा हलत नाही. टॅगमध्ये समच पुढे ढकलली जाते. एकतिसाव्या बारला गाणं घरी पोचायला हवं, ते पोचत नाही. बत्तीस बारच्या चालीला आठ बार जास्तीचे जोडले जातात आणि सम एकोणचाळिसाव्या बारला येते. तिहाईत ऐकणारा हिशेब करत बसतो, टॅगमध्ये तो वाट बघतो. म्हणून टॅगमध्ये तीनही वेळा एकसारखं वाजवणं मला पटेना.

आम्ही मग असं ठरवलं. एकतिसाव्या बारला जिथे सी यायला हवा तिथे मी ई मायनर धरायचा. ई मायनरच्या तीनपैकी दोन सूर सीमध्येही आहेत, त्यामुळे कानाला क्षणभर सी आल्यासारखाच वाटतो, पण बास खाली ईवर असतो आणि गाणं निसटून पुढे जातं. या दुसऱ्या वेळी आवाज निम्म्यावर आणायचा. माझा उजवा हात तारांच्या जवळ येतो, मनगट लहान फिरतं, बाई बोटाच्या नुसत्या टोकाने वाजवतात. आणि तिसऱ्या ओळीला सगळं परत पूर्ण आवाजात. हे तीन पातळ्यांचं गणित जमलं, त्या संध्याकाळी काकांनी व्हायोलिन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आता मला कळलं बाई काय म्हणत होत्या." त्यानंतर त्यांनी कधी विरोध केला नाही.

पुढचं काम शेवटच्या कॉर्डचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, शेवटी काय, मूळ कॉर्ड वाजवायचा आणि थांबायचं. पण या संगीतात साधा मेजर कॉर्ड शेवटी ठेवला तर तो उघडा पडतो. आणि मेजर सेव्हन्थ ठेवला तर काळ बदलतो, १९३० च्या दशकातला स्विंग जाऊन एकदम नंतरचं जॅझ ऐकू येतं. शिवाय चालीचा शेवटचा सूर बहुतेक वेळा सा असतो, आणि मेजर सेव्हन्थमधला नी त्याच्या अगदी शेजारी बसून घासतो. म्हणून इथे शेवटी सहावा आणि नववा सूर घातलेला कॉर्ड येतो, सिक्स-नाइन. जीमध्ये तो असा धरायचा: अंगठा गिटारीच्या मानेवरून वळवून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीपाशी), पाचवी, चौथी आणि तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर, दुसरी आणि पहिली पुन्हा तिसऱ्यावर. सगळ्या सहा तारा वाजतात आणि एकही मोकळी राहत नाही. मायनर गाण्यात मायनर सिक्स्थ. ए मायनरमध्ये सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट, चौथीचा चौथा, तिसरी आणि दुसरी पाचव्यावर. वर पहिल्या तारेचा सातवा फ्रेट करंगळीने धरला की नववा सूरही मिळतो, आणि गाणं संपताना जरा वर बघतं.

एकही तार मोकळी नसण्याला फार महत्त्व आहे. मोकळी तार थांबवायला उजवा हात टेकवावा लागतो. बंद कॉर्ड डाव्या हाताची पकड जराशी सैल केली की त्याच क्षणी मरतो. गाणं कुठे संपलं हे त्या सैल करण्याने ठरतं. आमच्यात कॉर्ड वाजण्याची वेळ जुळायला फार दिवस लागले नाहीत, तो बंद होण्याची वेळ जुळायला लागले. व्हायोलिन धनुष्य ओढत राहील तितका वेळ वाजू शकतं. बासचा सूर बराच वेळ घुमतो. आमच्या गिटारी सेल्मर या फ्रेंच कंपनीच्या धाटणीच्या आहेत. त्यांचा आवाज मोठा, कडक आणि दूरवर जाणारा, पण लवकर विरतो. म्हणजे तीन वाद्यांचे शेवट तीन वेगळ्या वेळी होणार. ते एकत्र बंद करायचे तर कुणीतरी एकाने ठरवायला हवं. बाई म्हणाल्या, ज्याचा सूर सगळ्यांत आधी संपतो त्याने ठरवायचं, म्हणजे मी. तेव्हापासून शेवटचा कॉर्ड माझ्या डाव्या हाताने बंद होतो आणि बाकीचे तिघे माझ्या मनगटाकडे बघतात.

त्या कॉर्डच्या आधी एक छोटी चाल आम्ही फार वापरतो. शेवटच्या कॉर्डच्या अर्धा सूर वरून खाली उतरायचं. जीमध्ये गाणं असेल तर पहिल्या मात्रेवर जी, तिसरीच्या मागून ए फ्लॅट, चौथीवर परत जी. हाताची ठेवण तीच, फक्त एक फ्रेट पुढे जाऊन मागे यायचं. कानाला तो एक धक्का असतो आणि लगेच समाधान. जँगोच्या 'दाफ्ने'मध्ये हे विशेष शोभतं, आणि त्याचं कारण गाण्यातच आहे. ते डीमध्ये आहे आणि त्याचा मधला भाग अर्धा सूर वर, ई फ्लॅटमध्ये जातो. शेवटी ई फ्लॅटवरून डीवर उतरलो की संपूर्ण गाण्याचा रस्ता दोन ठोक्यांत पुन्हा ऐकू येतो. प्रत्येक गाण्याला हा शेवट चिकटवणारे वादक मला आवडत नाहीत. 'दाफ्ने'ला मात्र तो गाण्यातून आलेला आहे.

या काळात आम्ही जुन्या रेकॉर्ड परत ऐकल्या, फक्त शेवटासाठी. त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. पंचकाने डिसेंबर १९३४ मध्ये 'डायना', 'टायगर रॅग', 'लेडी बी गुड' अशी पहिली ध्वनिमुद्रणं केली ती याच मर्यादेत. तीन मिनिटांत चाल, दोघांचे सोलो आणि शेवट बसवायचा म्हणजे कोण किती फेऱ्या घेणार हे आधी ठरलेलं हवं. आम्ही एकेक गाणं सात-आठ मिनिटं वाजवतो. आम्हाला तबकडी थांबवत नाही. त्यामुळे त्यांच्याकडे जी शिस्त बाहेरून यायची ती आम्हाला आतून आणावी लागते.

'मायनर स्विंग' त्या दृष्टीने सगळ्यांत शिकवणारं. १९३७ च्या मूळ ध्वनिमुद्रणात सुरुवातीला ती ओळखीची चढती लकेर आणि बासचं उत्तर, मग सरळ सोलो. सोळा बारचा साधा साचा, ए मायनर, डी मायनर आणि ई सेव्हनचा. जँगो, ग्रापेली, एकेक फेरी चढत जाते. आणि अखेरीला सगळे एका छोट्या लकेरीवर एकत्र येतात, गाणं खटकन थांबतं आणि कुणीतरी आनंदाने 'ओ येऽ' म्हणतं. जगभर कुठेही हे गाणं वाजलं की ती शेवटची लकेर येते. अनोळखी लोकांबरोबर वाजवताना म्हणूनच 'मायनर स्विंग' सगळ्यांत सुरक्षित, त्याचा शेवट सगळ्यांच्या बोटांत असतो. आम्ही त्याला हात लावला नाही. फक्त लकेरीच्या आधीची फेरी मी हळू वाजवतो, म्हणजे ती आल्यावर जोर कळतो.

बाकीचे काही तयार शेवट आम्ही बघितले आणि बहुतेक बाजूला ठेवले. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमुळे सगळीकडे पोचलेला एक आहे: खालचा सा, मग ग, शुद्ध म, तीव्र म, प, ध, नी आणि वरचा सा. काउंट बेसीच्या पियानोवरून आलेला दुसरा, वरच्या पट्टीत तीन हलके ठोके आणि मग सगळ्या बँडचा एक जाड. दोन्ही सुंदर आहेत आणि दोन्ही इतके वापरले गेलेत की संध्याकाळी एकदाच चालतात. आमच्या आल्सासच्या मुलाला एलिंग्टनचा फार आवडतो. एका गाण्यात ठेवला.

'नुआझ' मात्र आठवडे घेऊन बसलं. जँगोची ही चाल १९४० ची, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेली आणि तिथे घराघरांत पोचलेली. संथ आहे, सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने खाली सरकतात आणि जीवर येऊन विसावतात. अशा गाण्याला खटकन थांबवणं शक्य नाही, आणि सगळ्यांनी मिळून हळू होत जाणं हे फार अवघड काम. चार माणसांच्या मनात चार वेगळ्या गतीने हळू होणं चालू असतं. आम्ही ते सोडून दिलं. शेवटच्या ओळीत डी सेव्हनवर सगळे पूर्ण थांबतो आणि काका एकटे वाजवतात, तालाशिवाय, त्यांना सुचेल तसं, त्यांना हवा तितका वेळ. पुन्हा कधी यायचं? मी त्यांच्या बोटांकडे बघायचो, उपयोग व्हायचा नाही. मग लक्षात आलं की शेवटच्या सुराआधी ते श्वास घेतात. खांदे जरा वर येतात, धनुष्य तारेवरून सुटतं आणि पुन्हा टेकतं. तो श्वास म्हणजे माझी खूण. आता मीही त्यांच्याबरोबर श्वास घेतो आणि दोघं एकत्र उतरतो.

आणि तिथे जीचा कॉर्ड मी धरत नाही. बाराव्या फ्रेटवर, तारेला नुसता स्पर्श करून, पहिल्या पाच तारांचे हार्मोनिक छेडतो. ते सूर म्हणजे ए, डी, जी, बी आणि ई. जीचा सा, ग, प, त्यात सहावा ई आणि नववा ए. म्हणजे न दाबलेल्या गिटारीत जीचा सिक्स-नाइन आयता बसलेला आहे! हे जेव्हा मला सापडलं तेव्हा मी ते बराच वेळ परत परत वाजवत राहिलो. गाणं दुसऱ्या कुठल्या पट्टीत असतं तर हे मिळालं नसतं.

जून उजाडायच्या आधी आम्ही साम्वाला जाऊन आलो. सेन नदीकाठचं हे छोटं गाव. जँगो आयुष्याची शेवटची वर्षं इथे राहिला, मासे पकडले, चित्रं काढली, १९५३ च्या मे महिन्यात गेला आणि इथल्याच स्मशानात त्याची कबर आहे. त्याच्या नावाचा महोत्सव १९६८ मध्ये इथेच सुरू झाला, २०१७ पासून तो शेजारच्या फाँतेनब्लोला भरतो. पण गिटारवाले अजूनही साम्वाला येतात, नदीकाठी बसतात आणि वाजवतात. एका झाडाखाली बरेच जण गोल करून बसले होते, आम्हीही टेकलो. इतके ताल धरणारे असले की गाणं थांबवणं कोणाच्याच हातात नसतं, असं मला वाटायचं. तिथे एक वयस्कर मानूश गृहस्थ होते, काळा कोट, गिटार अंगाला घट्ट. ते सोलो घेत नव्हते, फक्त ताल. आणि प्रत्येक गाणं नेमकं संपत होतं.

मी दोन गाणी वाजवायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिलो. ते हाताने काही खुणावत नव्हते, मान हलवत नव्हते, डोळे बहुतेक वेळ मिटलेले. शेवटची फेरी आली की त्यांचा आवाज खाली जायचा. दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा कोरडा ठोका कोरडाच राहायचा, पहिली-तिसरी मात्र जवळजवळ नाहीशी व्हायची. अचानक जमिनीतून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं की गोलातले सगळे आपोआप मान वर करायचे. आणि शेवटच्या दोन बारला ते पुन्हा पूर्ण जोरात यायचे. बस्स. सोलोवाल्यालाही कळायचं, आपली वेळ संपली.

मी जवळ जाऊन विचारलं, हे कोणी शिकवलं तुम्हाला? ते म्हणाले, "वडिलांकडे बघून आलं. बोलायची गरजच नव्हती, ताल त्यांच्या हातात होता." एवढंच. मग त्यांनी माझी गिटार मागून घेतली, तारा जरा सैल आहेत म्हणाले आणि परत दिली.

परत येताना गाडीत आम्ही दुसरं काही बोललो नाही. तोवर आमच्या खुणा डोळ्यांच्या होत्या: गिटारीचा दांडा उचलला की शेवट, मुठीचा अर्थ शेवटची फेरी, डोक्यावर हात ठेवला की मूळ चालीवर परत. जॅझवाले सगळीकडे हेच वापरतात आणि ते चुकीचं नाही. पण खूण बघायला मान वर करावी लागते. ऐकायला लागत नाही. पुढच्या तालमीत मी शेवटची फेरी आवाज पाडून सुरू करायला लागलो. आल्सासच्या मुलाला सुरुवातीला ते आवडलं नाही. आपल्या सोलोखालून जमीन जाते असं तो म्हणायचा. मग त्यानेच त्यातून एक गोष्ट काढली. माझा आवाज पडला की तो सुरांची गर्दी थांबवतो, एखाद-दुसरा लांब सूर ठेवतो, आणि मग मूळ चाल स्वच्छ ऐकू येत परत येते. आज त्याच्या वाजवण्यात मला सगळ्यांत आवडणारी जागा तीच आहे.

२१ जूनला आम्ही एका बंद दुकानाच्या शटरसमोर उभे राहिलो. चौकाच्या पलीकडे ढोलवाल्यांचा मोठा ताफा होता आणि त्यांची लय आमच्या लयीत घुसत होती. संध्याकाळी आठच्या सुमाराला गर्दी इतकी वाढली की लोक आमच्यामध्येच येऊन उभे राहिले. एक बाई कडेवर मूल घेऊन माझ्या आणि काकांच्या बरोबर मध्ये. मला काका दिसेनात, बाईंच्या बासचा फक्त वरचा टोकदार भाग दिसत होता. आम्ही त्या वेळी 'ले झ्यु न्वार' वाजवत होतो, काळ्या डोळ्यांचं ते जुनं रशियन गाणं, डी मायनरमध्ये, भन्नाट लयीत. आमचा शेवट असा ठरला होता की शेवटचे आठ बार एकदम अर्ध्या लयीत घ्यायचे आणि अखेरच्या दोन बारला पुन्हा मूळ वेगात जाऊन तोडायचं. दृष्टीआड हे कसं जमणार, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं आणि लगेच गेलंही, कारण फेरी आलेली होती. मी आवाज पाडला. सोलो पातळ झाला. बास माझ्याबरोबर खाली आला. त्या बाईच्या कडेवरच्या मुलाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. सहा बार संथ, दोन बार धावत, आणि चौघांचा शेवटचा ठोका एक झाला.

रस्त्याने दोन गोष्टी बदलायला लावल्या. 'ऑल ऑफ मी'च्या टॅगमध्ये दुसऱ्या ओळीला आम्ही आवाज पाडतो, तिथे लोकांना गाणं संपलं असं वाटून टाळ्या आल्या. खोलीत जो नाजूकपणा वाटतो तो रस्त्यावर शेवट वाटतो. रात्री पुन्हा ते वाजवलं तेव्हा दुसरी ओळ हलकी ठेवली, पण बाईंनी बास चालता ठेवला, टाळ्या तिसऱ्या ओळीनंतरच आल्या. आणि 'नुआझ'चे हार्मोनिक तिथे कोणालाच ऐकू गेले नाहीत. ते फक्त माझ्यासाठी वाजले. बाहेर वाजवताना आता मी बंद कॉर्डच धरतो आणि पिक (तारा छेडायची नखी) वेगाने खाली-वर फिरवून तो थरथरता ठेवतो, काकांचा सूर संपेपर्यंत. बंद खोलीत, चार-दोन माणसं असतील तर, हार्मोनिक.

सध्या आम्ही वॉल्ट्झ घेतली आहे, 'अँदिफेराँस', अकॉर्डियनवाले तोनी म्युरेना आणि जोसेफ कोलोंबो यांची १९४२ ची चाल. तीन मात्रांत ला पाँप वेगळी होते, एकीवर बास आणि दोनदा कोरडा ठोका. शेवटी काय करायचं यावर अजून एकमत नाही. बाई म्हणतात पहिल्या मात्रेवर एक ठोका आणि संपलं. काकांना पूर्ण बार हवा, तीन ठोके आणि मग पुढच्या बारची पहिली. मुलाला दोन्हींच्या आधी अर्धा सूर वरून उतरायचं आहे. मला बाईंचं पटतं, कारण एकाच ठोक्यात तोडायचं असेल तर आवाज पाडणं दोन बार आधीच सुरू करावं लागेल, आणि तीन मात्रांत ते कसं ऐकू येतं हे मला करून बघायचं आहे. या गुरुवारी तिन्ही वाजवून बघणार आहोत.